एकाच खाडीचं दोन उंचींचं पाणी

"मॅडम, एकाच खाडीचं पाणी एका काठाला दीड मीटरवर आणि समोरच्या काठाला तीन मीटरवर कसं राहील? मधे भिंत घातलीय का कुणी?"

त्या आठवड्यात शिवलीलानं हे चौथ्यांदा विचारलं. पलीकडून पुण्याच्या ऋतुजा मॅडम नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, मी नोट करून घेतलंय. तेवढा तो जांभळा रंग जरा फिका करा ना. प्रेझेंटेशनमध्ये फार अंगावर येतोय."

शिवलीलानं फोन खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीला म्हणाली, "रंग!"

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत चादरीच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की उदयसिंह सरांचं नकाशांचं ऑफिस लागतं. तिथं शिवलीला एकोणीस वर्षं रेघा ओढत होती. आयटीआयच्या आरेखक वर्गात ती धरून दोनच मुली होत्या. दुसरीनं लग्न झाल्यावर काम सोडलं. शिवलीलानं सोडलं नाही. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं, मग कॉम्प्युटरवर तिनं चिंचोळी एमआयडीसीतले प्लॉट काढले, गावठाणं काढली, पाइपलाइनी काढल्या. तिचा नवरा प्रभुलिंग चिंचोळीतच एका कारखान्यात सुपरवायझर होता. तो म्हणायचा, आमच्या कारखान्याची भिंत कुठं संपते हे मालकाला ठाऊक नाही, आमच्या घरात ठाऊक आहे. ते खरंच होतं. शिवलीलाच्या हातून चुकीची रेघ जात नसे आणि दुसऱ्याची चुकीची रेघ तिला पचत नसे. त्यामुळं ऑफिसात तिला काम सगळे द्यायचे, पण तिच्याशेजारी बसायला कुणी राजी नसायचं.

समुद्र सोलापूरपासून कितीतरी लांब. पण पुण्याच्या एका सल्लागार कंपनीकडं कोकणातल्या एका खाडीची योजना आली, नकाशे काढून घ्यायचं काम त्यांनी उदयसिंह सरांकडं दिलं, आणि तो समुद्र जिना चढून शिवलीलाच्या टेबलावर आला.

योजना तिनं पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला आवडली होती, हे सांगितलंच पाहिजे. खाडीच्या काठाला खारट दलदलीचा पट्टा असतो, तिकडचे लोक त्याला खाजण म्हणतात. भरतीचं पाणी जिथं चढतं आणि ओसरतं, तेवढ्याच जागेत तिथलं खारं गवत आणि झुडपं जगतात. पाणी कायमचं वर आलं की ती बुडून मरतात. मात्र ती मुकाट्यानं मरत नाहीत, वर्षाला हात-दोन हात करत जमिनीकडं सरकतात. पुढं मोकळी जागा मिळाली तर पट्टा जगला. पुढं कंपाउंडची भिंत आली, रस्ता आला, घर आलं, की मागून समुद्र आणि पुढून भिंत, मधल्यामधे पट्टा खलास. आणि पट्टा गेला की उधाणाचा मार सरळ गावावर. म्हणून समुद्र पुढच्या पन्नास वर्षांत किती चढेल याचा अंदाज घेऊन, दलदल कुठवर सरकेल ती जागा आजच जांभळ्या रंगात दाखवायची, तिथं बांधकाम होऊ द्यायचं नाही. इतकी साधी आणि शहाणी गोष्ट.

खाडीच्या उत्तर काठाला बंदरवाडी, दक्षिण काठाला खालची वाडी. एकूण सात शीट. पहिली चार शीट झाली तोवर शिवलीला खुशीत होती. पाचव्या शीटला दक्षिण काठ सुरू झाला आणि तिचा हात थांबला. उत्तर काठावर मोठ्या भरतीची रेघ एक मीटर चाळीसवर होती. दक्षिण काठावर तीच रेघ तीन मीटरवर. त्या आकड्यांप्रमाणे खालच्या वाडीची सगळी जमीन उंच ठरत होती, म्हणजे सुरक्षित. जांभळा रंग तिथं लागतच नव्हता. इतकंच काय, आज ज्या खाजणात रोज भरती येते, ते खाजणसुद्धा नकाशाप्रमाणे कोरडं ठणठणीत होतं. आणि सुरक्षित म्हणून खालच्या वाडीच्या भातखाचरांच्या कडेला नव्या शाळेची इमारत आखलेली होती.

तिनं मेल लिहिला. उत्तर आलं, 'नोटेड.' तिनं दुसरा मेल लिहिला. उत्तर आलं की कंपनीचा लोगो डावीकडून उजवीकडं घ्यावा. तिसऱ्या मेलनंतर अक्षरांचा आकार बदलायला सांगितला गेला. चौथ्यांदा फोन लावला, तर जांभळा. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?

ती उदयसिंह सरांच्या केबिनमध्ये गेली. सर मूळचे माळशिरसचे, घरची उसाची शेती भावावर सोडून आलेले, माणूस वाईट नाही. पण त्यांना भांडण नको असायचं.

"ताई, आपण कोण? आरेखक. त्यांनी आकडे द्यायचे, आपण रेघा ओढायच्या. उद्या ते म्हणाले सोलापुरात समुद्र दाखवा, तर आपण दाखवायचा."

"आणि उद्या शाळेत पाणी शिरलं तर सर?"

"शिरंल तवा बघू की. पन्नास वर्षांनी ना तुमी असणार ना मी."

"पोरं असतील की तिथली."

सरांनी कपाळावर हात मारला. "तुमच्यापुढं कोण बोलणार!"

एवढं झालं तरी सरांनी तिच्यासाठी एक व्हिडिओ मीटिंग लावून दिली. पुण्याचे मोठे साहेब, ऋतुजा मॅडम आणि ही. शिवलीलानं दोन्ही शीट शेजारी शेजारी ठेवून दाखवली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग हसून विचारलं, "तुम्ही सोलापूरच्या ना? समुद्र पाहिलाय का कधी?"

"पाहिलाय की, गोकर्णला. पण त्याचा हितं काय संबंध?"

"नाही, म्हणजे समुद्राचं गणित थोडं वेगळं असतं. भरती, वारा, खाडीचा आकार... असा थोडा फरक आम्ही गृहीत धरतो."

"थोडा? एक मीटर साठ सेंटिमीटर आहे सर. माझी उंची एक मीटर बावन्न."

साहेबांना दुसरी मीटिंग होती. पडद्यावरचा त्यांचा चौकोन गेला. ऋतुजा मॅडमचा चौकोन क्षणभर राहिला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं शिवलीलाला वाटलं, पण तोही गेला.

त्या दिवशी घरी येताना तिनं रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी आणि जिन्यात झोपलेल्या कुत्र्याशी, अशी तीन भांडणं केली. प्रभुलिंगनं ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढून पुढं ठेवली आणि शहाण्यासारखा गप्प बसला. तिचे वडील निंगप्पा मात्र गप्प बसणारे नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एका कानानं कमी ऐकू येणारे. सगळा जन्म कालव्याच्या सर्व्हेत गेलेला. साहेब दुर्बिणीतून बघायचे, आकडे कोरलेली उंच पट्टी लांबवर उभी धरायचं काम निंगप्पांचं.

"यव्वा, काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं, ऐकू यावं म्हणून ओरडून. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं आणि एकच विचारलं, "उंची कुठल्या दगडापासनं मोजलीय?"

शिवलीलाचा घास हातातच राहिला. हे तिनं बघितलंच नव्हतं. इतके दिवस दुसऱ्यांवर ओरडण्यात ती इतकी दंग होती की मूळ कागद चाळायचं राहून गेलं होतं. स्वतःचाच राग आला तिला.

दुसऱ्या दिवशी तिनं जुनी कागदपत्रं उघडली. उत्तरेची चार शीट समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली होती. दक्षिणेची तीन कुठल्यातरी जुन्या रस्त्याच्या मोजणीतून उचललेली. त्या मोजणीत सातेरी देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवरचा एक दगड धरून उंची काढलेली होती, आणि तो दगड समुद्रापासून किती वर आहे हे कुणीतरी अंदाजानं लिहिलं होतं. अंदाजानं! कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं.

तिनं हे निंगप्पांना सांगितलं. त्यांनी माळशिरसकडच्या एका गावाची गोष्ट काढली. शिवलीलाला ती ठाऊक होती, बारा वर्षांची असताना ती त्यांच्याबरोबर तिथं गेली होती. पण वडिलांच्या तोंडून ती तिनं कधी पूर्ण ऐकली नव्हती. तिथं कालव्याच्या एका फाट्याचं माप घेताना नवख्या साहेबानं आकडा चुकीचा वाचला. निंगप्पा म्हणाले, साहेब, परत बघा. साहेब म्हणाला, तू पट्टी धर, वाचायचं आम्ही बघतो. फाटा झाला, पाणी आलं, पण ते निचरेना. झिरपून झिरपून चार वर्षांत खालच्या अंगाची जमीन पांढरी पडली. निंगप्पा पोरीला घेऊन गेले तेव्हा रंभाबाई नावाची बाई स्वतःच्या रानात उभी होती. पायाच्या अंगठ्यानं मिठाचा पापुद्रा उकरत म्हणाली, "बगा की, मिठागार झालंय. हितं आता कुसळबी येत न्हाय."

"तिला मी सांगितलं नाही, की मला ठाऊक होतं म्हणून," निंगप्पा म्हणाले. "मी एकदा बोललो आणि गप्प झालो. दुसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं."

"मी चारदा बोलले अप्पा. मेलं कुणी ऐकंना."

"मग जो ऐकंल त्याला सांग."

योजनेच्या कागदांत ग्रामपंचायतीचा नंबर होता. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून शिवलीलानं तो लावला. तिकडच्या कारकुनाला ती काय म्हणते ते कळेना. शेवटी त्यानं कंटाळून फोन पंचायतीत चहा प्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिला. ते होडीवाले मयेकर. बंदरवाडी आणि खालची वाडी यांच्यामधे गेली चाळीस वर्षं माणसं पोचवणारे. घाटावरच्या बाईला कळावं म्हणून ते एकेक शब्द सुटा करून बोलत होते.

"बाई, भरती दोन्ही काठांना सारखीच चढते. माझी होडी उतारावरून चालत नाही."

शिवलीलाला रडू यायचं बाकी राहिलं. इतक्या दिवसांत पहिलाच माणूस, ज्याला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

तिनं त्यांना एक काम सांगितलं. बंदरवाडीच्या जेट्टीवर मोजणीचा एक दगड आहे, खालच्या वाडीला देवळाच्या पायऱ्यांवर एक आहे. पौर्णिमेचं उधाण भर दुपारी येतं. पाणी सगळ्यात वर चढलं की दोन्हीकडं एकाच वेळी रंगाची खूण करायची, आणि दगडाच्या माथ्यापासून खुणेपर्यंत टेपनं मोजायचं. मयेकर हसले. म्हणाले, एवढंच? पौर्णिमेला त्यांनी बायकोला टेप आणि रंगाचा डबा देऊन जेट्टीवर उभं केलं, स्वतः देवळाच्या पायऱ्यांवर गेले आणि मोबाइलवर एकमेकांना "आता!" असं ओरडून दोघांनी खुणा केल्या. फोटो आले. जेट्टीच्या दगडापासून पाणी एक मीटर वीस खाली. देवळाच्या दगडापासून एक मीटर पंच्याहत्तर.

शिवलीलानं नकाशावरच्या दगडांच्या उंचीतून ते वजा केलं. उत्तरेला एक मीटर चाळीस. दक्षिणेला बरोबर तीन मीटर. एकच पाणी, एकच क्षण. चूक पाण्याची नव्हती, देवळाच्या दगडाची उंचीच एक मीटर साठनं जास्त लिहिली होती.

तिनं फोटो आणि आकडे पुण्याला पाठवले. या वेळी उत्तर तासाभरात आलं, पण उदयसिंह सरांना. सर केबिनमधून बाहेर आले ते लाल होऊन.

"तुमाला गावात फोन लावायला कुणी सांगितलं? तिकडं ते साहेब माझ्यावर उखडलेत! परवानगीशिवाय लोकांशी बोलायचं नाही असं करारात लिहिलंय!"

"करारात पाणी दोन उंचींवर ठेवायचं असंही लिहिलंय का सर?"

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलतानाच कळलं. सरांनी सातही शीट तिच्याकडून काढून घेतली आणि पलीकडच्या टेबलावरच्या कुमारला दिली. कुमार चटपटीत, प्रश्न न विचारणारा. त्यानं दोन दिवसांत रंग फिका करून काम पुण्याला धाडलं. शिवलीलाला एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगचा नकाशा मिळाला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तिनं तोही काढला, आणि गाडी वळायला जागा पुरत नाही असं त्यावर लिहूनही पाठवलं.

महिनाभरानं खाडीकाठी जनसुनावणी झाली. पुण्याच्या साहेबांनी भिंतीवर नकाशे लावले आणि दक्षिण काठ सुरक्षित आहे असं सांगायला सुरुवात केली. मागून मयेकर उठले. फार बोलले नाहीत. म्हणाले, साहेब, देऊळ इथनं चार पावलांवर आहे, पायरीवर लाल खूण आहे, ती बघून या आणि मग बोला. मंडळी उठून पायरीवर गेली. तिथून जेट्टीवरची खूण समोर दिसत होती, आणि भरतीचं पाणी नेमकं दोन्ही खुणांकडं सारखंच चढत होतं. साहेबांबरोबर आलेल्या ऋतुजा मॅडमनी तिथंच, लोकांच्या समोर, फाइलमधून शिवलीलाचा मेल काढून वाचला. हे शिवलीलाला नंतर मयेकरांनी सांगितलं. "पोरगी घाबरली होती," ते म्हणाले, "पण वाचलंन."

सुनावणी थांबली. दक्षिण काठाची मोजणी पुन्हा झाली. फरक निघाला एक मीटर सत्तावन्न. "तीन सेंटिमीटर कुठं गेले?" शिवलीला चिडून म्हणाली. "टेप वाकडा धरला असणार मयेकरवहिनींनी."

नवीन आकडे आले तेव्हा सरांनी तिन्ही शीट पुन्हा तिच्या टेबलावर ठेवली. कुमारला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं आठ दिवसांत काम संपवलं. जांभळा पट्टा आता खालच्या वाडीची भातखाचरं ओलांडून शाळेच्या आखलेल्या जागेच्या मधोमध गेला. शाळा वरच्या माळावर नेण्याचं ठरलं. पण सगळंच काही साधलं नाही. पूर्वेच्या अंगाला, नकाशांचे मेल इकडून तिकडं जात होते त्या महिन्यांत, कुणीतरी सुरक्षित जागा म्हणून दगडी कुंपण घालून पाया भरून मोकळं झालं होतं. तिथं दलदलीला पुढं सरकायला वाव नव्हता. शिवलीलानं ती भिंत काळ्या रेघेनं दाखवली. पट्ट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या रेघेपाशी येऊन संपत होता. पहिलाच मेल कुणी मनावर घेतला असता तर ही रेघ ओढावी लागली नसती. त्या दिवशी ती कुणाशीच भांडली नाही. प्रभुलिंगला काळजी वाटली.

आणि ज्यांच्या भल्यासाठी हा खटाटोप, त्यांनी दुवा दिला म्हणावं, तर तेही नाही. नवा नकाशा पंचायतीत लागला आणि शिवलीलाचा नंबर कसा कोण जाणे वाडीभर झाला. एकानं घराची परवानगी अडकली म्हणून शिव्या दिल्या. एका बाईनं विचारलं, आमच्या खाचरावर रंग ओतायला तुम्हाला घाटावरून कुणी बोलावलं होतं? शिवलीला प्रत्येकाला उंची, भरती, पन्नास वर्षं, सगळं पहिल्यापासून समजावत बसायची आणि फोन ठेवल्यावर डोकं धरायची.

शेवटी मयेकरांचा फोन आला.

"बाई, माझी जमीनच जांभळी झाली की."

तिनं शीट उघडून बघितलं. सर्व्हे नंबर विचारला. खरंच, मयेकरांची जमीन पश्चिमेचा एक कोपरा सोडून सगळी पट्ट्यात गेली होती. खुणा करायला या माणसालाच तिनं पाठवलं होतं.

"मयेकर, मला ठाऊक नव्हतं हो. मी तुमचा नंबर आधी बघायला पाहिजे होता."

"बघून काय, रेघ वळवणार होता?"

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर." ते म्हणाले. "किती वर्षांनी येणार पाणी?"

"तुमच्या खालच्या बांधाला वीसेक वर्षांत. वरपर्यंत पन्नास."

"तोवर मी नाही. नातू असेल." मग त्यांनी जरा चिडक्या आवाजात विचारलं, "मला या पावसाळ्यात बारा माड लावायचे आहेत. रोपं आणून ठेवलीयत. कुठं लावू तेवढं सांगा. तुमच्यामुळं अडलंय."

"मयेकर, मी काय शेतीची माहीतगार आहे का? नकाशे काढते मी."

"रेघ तुम्हीच मारलीत ना?"

शिवलीलानं मोठा सुस्कारा सोडला. सर केबिनच्या काचेतून बघत होते. मंगल कार्यालयाची माणसं पार्किंगच्या सुधारलेल्या नकाशासाठी बाकावर ताटकळत बसली होती. तिनं शीट मोठं केलं, मयेकरांच्या जमिनीचा पश्चिमेकडचा कोपरा पडद्यावर आणला आणि स्टूल जवळ ओढलं.

"थांबा, फोन ठेवू नका," ती म्हणाली. "तुमच्या विहिरीपासनं सुरुवात करू. विहीर कुठं आहे सांगा."

विहीर नकाशावर नव्हतीच. शिवलीलानं दात-ओठ खाल्ले आणि पेन्सिल उचलली.